१५ किलोव्होल्ट झेलतो कोण: डायोड की चिप?

ईएसडी डायोडच्या डेटाशीटचं पहिलं पान जाहिरातीसारखं असतं. वर ठळक ‘±१५ किलोव्होल्ट’, खाली ‘आयईसी ६१०००-४-२ नुसार’. नांदेड-लातूरला पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहिणारे आपण बरेच जण हाच आकडा उचलून तुलनेच्या तक्त्यात टाकतो. मोठा आकडा तो डायोड चांगला. माझा आक्षेप इथंच आहे. तेवढा झटका खाऊन डायोड स्वतः टिकला, एवढंच तो आकडा सांगतो. मागची चिप वाचली का, याबद्दल तो गप्प आहे.

चिपच्या डेटाशीटवर ‘२ किलोव्होल्ट एचबीएम’ असतं. या चाचणीत १०० पिकोफॅरडचा चार्ज १५०० ओहममधून सोडतात, करंट जेमतेम १.३ अँपिअरपर्यंत जातो. आयईसीच्या चाचणीत १५० पिकोफॅरड आणि फक्त ३३० ओहम. ८ किलोव्होल्ट कॉन्टॅक्टला एका नॅनोसेकंदाच्या आत ३० अँपिअर, ३० नॅनोसेकंदांनंतरही १६. दोन्हीकडे किलोव्होल्ट लिहिलंय म्हणून हे आकडे शेजारी मांडता येत नाहीत. (आपल्याकडं उन्हाळ्यात कोरड्या हवेत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून यूएसबीला हात लावला की चटका बसतो ना, तो जाणवायलाच साधारण ३ किलोव्होल्ट लागतात. त्याखालचे झटके कळतही नाहीत, पण चिपला लागतात.)

मग बघायचं काय? क्लॅम्पिंग व्होल्टेज आणि डायनॅमिक रेझिस्टन्स. १६ अँपिअरला ०.५ ओहमवर ८ व्होल्ट वाढतात, १ ओहमवर १६. पहिल्या पानावर दोन्ही डायोड १५ किलोव्होल्टचेच! फरक दिसतो तो टीएलपीच्या आलेखात. चांगल्या कंपन्या तो देतात, पण आतल्या पानांवर, आणि तिथंपर्यंत आपण जातच नाही.

कपॅसिटन्सचं थोडं वेगळं आहे. ५ पिकोफॅरडचा डायोड यूएसबी २.० ला, म्हणजे ४८० मेगाबिटला, चालून जातो, कारण २४० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा १३३ ओहमच्या आसपास असतो. तोच ५ गिगाबिटच्या लाइनवर लावा. २.५ गिगाहर्ट्झला १३ ओहम, आणि लाइनची स्वतःची इम्पीडन्स ४५. संरक्षण मिळालं, डेटा गेला. ०.३ पिकोफॅरडचा घेतला तर २१२ ओहम मिळतात. फक्त तो आकडा ‘टिपिकल’ आहे की कमाल, आणि कोणत्या व्होल्टेजला मोजलाय, हे तळटीपेत बघा. रिव्हर्स व्होल्टेज वाढलं की डायोडची कपॅसिटन्स कमी होते, त्यामुळे सोयीचं व्होल्टेज निवडून आकडा देखणा करता येतो.

आणि डेटाशीट कधीच सांगू शकणार नाही अशी एक गोष्ट म्हणजे तुमचा बोर्ड. डायोडपासून ग्राउंडपर्यंतच्या वाटेत १ नॅनोहेन्री इंडक्टन्स आला, तर ०.८ नॅनोसेकंदात ३० अँपिअर चढताना तिथंच ३७ व्होल्ट तयार होतात. निम्म्या ओहमसाठी केलेली सगळी घासाघीस त्यापुढं किरकोळ ठरते. डायोड कनेक्टरला चिकटून हवा, ग्राउंडची वाट आखूड हवी, आणि ट्रॅक आधी डायोडवरून जाऊन मग चिपकडं वळायला हवा. म्हणून ज्या पेपरमध्ये फक्त डायोडचा नंबर आहे आणि लेआउटचं चित्र नाही, तो मी वाचून काढते, पण तुलनेच्या तक्त्यात घेत नाही.