सोन्याच्या चौकोनातील सपाट रंग

मूलद्रव्ये कोठे घडली हे रंगांनी सांगणारी आवर्तसारणी बहुतेक शिक्षकांच्या पाहण्यात आली असेल. ओहायो स्टेट विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ जेनिफर जॉन्सन यांनी ती २०१७ च्या प्रारंभी प्रसिद्ध केली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. 'लोखंडाहून जड ते सारे अतिनवताऱ्यांत घडले' हे सोपे वाक्य तिने मोडीत काढले, हे तिचे मोठे काम. कार्बनच्या चौकोनात दोन रंग आहेत, लोखंडाच्याही आहेत. बेरियमचा बराच भाग लहान ताऱ्यांच्या वाट्याला गेला आहे. एकाच मूलद्रव्याचे अनेक जन्मदाते असू शकतात, हे मुलांना व्याख्यानापेक्षा या चौकोनांतून लवकर कळते.

माझी तक्रार सोन्याच्या चौकोनाबद्दल आहे. तो जवळजवळ संपूर्ण एकाच रंगाचा आहे: न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. रंग कार्बनइतकाच गडद. पाहणाऱ्याला वाटते, दोन्ही गोष्टी सारख्याच खात्रीने माहीत आहेत. तसे नाही.

जड मूलद्रव्ये घडतात ती मुख्यतः अणुकेंद्राने न्यूट्रॉन पकडल्यामुळे. मंद प्रक्रियेत दोन न्यूट्रॉनांच्या मध्ये इतका अवकाश असतो की अस्थिर झालेले केंद्र बहुधा आधीच क्षय पावते. वाट स्थिर केंद्रांजवळूनच जाते, आणि स्थिर पदार्थाची चकती करून तिच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करता येतो. सोने-१९७ चे न्यूट्रॉन-ग्रहण तर इतके नीट मोजलेले आहे की इतर मोजण्यांसाठी तेच माप म्हणून वापरतात. या मोजमापांवरून मंद प्रक्रियेकडे सोन्याचा सुमारे विसावा हिस्सा जातो. उरलेले सारे जलद प्रक्रियेचे. म्हणजे हा मोठा वाटा वजाबाकीतून आला आहे! वजाबाकी भक्कम आहे, पण ती प्रक्रिया सांगते. ठिकाणाचा पत्ता सांगत नाही.

पत्ता शोधायचा तर टकरीत किती सोने घडेल याचे गणित मांडावे लागते, आणि तेथे अडचण आहे. जलद प्रक्रियेतील बरीच केंद्रे सेकंदाच्या लहानशा अंशात नाहीशी होतात. त्यांची चकती करणार कशी? न्यूट्रॉनांची चकती करावी, तर मोकळ्या न्यूट्रॉनाचे अर्धायुष्यही जेमतेम दहा मिनिटे. म्हणून हे ग्रहणदर १९५२ मधील हाउझर-फेशबाख सिद्धांताच्या आधारे काढतात. स्थिर केंद्रांपासून दूर गेले की निरनिराळ्या प्रारूपांची उत्तरे दहापट, कधी शंभरपटही वेगळी येतात. निसर्गही चकवतो. झिर्कोनियम-८८ चे अर्धायुष्य ८३ दिवस, म्हणजे जलद प्रक्रियेच्या मानाने ते चिरंजीवच. मंदगती न्यूट्रॉनांसाठी त्याचे ग्रहणक्षेत्र सुमारे १० बार्न असेल असा अंदाज होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे ८ लाख ६० हजार बार्न निघाले! ताऱ्यांतील न्यूट्रॉन याहून वेगवान असतात, त्यामुळे हा आकडा तेथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण अंदाज किती चुकू शकतो ते दिसते.

न्यायाने हेही सांगायला हवे की प्रचंड तापमानात न्यूट्रॉन पकडणे आणि गॅमा किरणांनी तो उडवला जाणे यांचा समतोल असतो, तेव्हा एकेका केंद्राच्या ग्रहणदराला फारसे महत्त्व उरत नाही. न्यूट्रॉन संपत आले की मात्र तेच दर शेवटच्या प्रमाणांवर आपला ठसा उमटवतात.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली. तिच्या प्रकाशात २०१९ मध्ये खूण ओळखली गेली ती स्ट्रॉन्शियमची, सोन्याची नव्हे. (गंमत अशी की तक्त्यात स्ट्रॉन्शियमवर मुख्यतः लहान ताऱ्यांचाच रंग आहे.) शिवाय डिसेंबर २००४ मध्ये एका मॅग्नेटारवर झालेल्या प्रचंड उद्रेकाच्या नोंदी पुन्हा तपासून २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवले की जलद प्रक्रिया अशा उद्रेकांतही घडत असावी, आकाशगंगेतील अशा जड मूलद्रव्यांचा १ ते १० टक्के वाटा त्यांचा असू शकेल.

तक्ता भिंतीवरून काढावा असे मी म्हणणार नाही. सोने, प्लॅटिनम, युरोपियम यांच्या चौकोनांवर पेन्सिलीने तिरक्या रेघा ओढाव्यात. त्या कशासाठी, असे कोणी विचारलेच, तर झिर्कोनियमची गोष्ट सांगता येईल.