विकत घेतलेला खेळ कोणाचा?

'विकत घेणें' या क्रियापदाच्या अर्थाविषयीं आपल्या भाषेंत आजवर वाद नव्हता. दाम मोजला, वस्तु घरीं आणिली, कीं ती आपली झाली; पुढें ती वापरावी, पुतण्यास द्यावी किंवा रद्दींत घालावी, विकणाऱ्याचा तिच्याशीं संबंध उरत नसे. परंतु अलीकडच्या दोन पिढ्यांचीं मनें ज्यानें व्यापलीं आहेत, त्या व्हिडिओ गेमच्या व्यापारांत हें क्रियापद हळूहळू पोकळ होत गेलें आहे. पोरांचे खेळ म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकानें इकडे पाठ फिरवावी, हें मला योग्य वाटत नाहीं. कादंबरीलाही एके काळीं शहाण्यासुरत्या माणसांनीं रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून नाक मुरडलेंच होतें.

'द क्रू' या खेळाचें उदाहरण घेऊं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें तो २०१४ च्या डिसेंबरांत बाजारांत आणिला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची एक आटोपशीर प्रतिकृति त्यांत उभी केली होती. खेळणाऱ्यानें मोटार हाकीत एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जावें, वाटेंत वाळवंटें, डोंगर, शहरें लागावीं, अशी ती कल्पना. कथानक सामान्य: भावाचा खून, नायकावर खोटा आळ, मग सूड. त्यांत प्रतिभा शोधूं नये. पण खेळणारे ज्याची आठवण काढतात तें कथानक नव्हे. कोठेंही पोंचावयाची घाई नसतां तासन्‌तास चालणारा तो प्रवास होय. भूगोलालाच नायकत्व देणारी ही रचना कितपत साधली होती, हा समीक्षेचा मोठा चांगला प्रश्न होता. मात्र २०२३ च्या डिसेंबरांत कंपनीनें खेळाची विक्री थांबविली, आणि ३१ मार्च २०२४ रोजीं आपले सर्व्हर, म्हणजे ज्या मध्यवर्ती संगणकांवर तो अवलंबून होता ते, बंद केले. एकट्यानें खेळावयाचा भागही त्या सर्व्हरवांचून चालत नसे; त्यामुळें तबकडी कपाटांत आणि खेळ मात्र नाहींसा, अशी स्थिति झाली. सर्व्हरची व्यवस्था आणि परवान्यांची बंधनें हीं कारणें कंपनीनें सांगितलीं.

कंपन्यांची बाजू अगदींच टाकाऊ नाहीं. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो. खेळणारे पांगले कीं तो अंगावर पडतो. शिवाय नाटकाचें तिकीट काढणारा नाटकाचा मालक होत नाहीं, आणि वाचनालयाची वर्गणी भरणारा पुस्तकांवर हक्क सांगत नाहीं. मासिक वर्गणी घेऊन खेळ खेळावयास देण्याची पद्धति आतां रूढ झाली आहे, आणि ती उघडपणें भाड्याची असल्यामुळें तिच्याबद्दल माझी तक्रार नाहीं. युबिसॉफ्टच्याच वर्गणी-विभागाच्या एका अधिकाऱ्यानें २०२४ च्या जानेवारींत असें मत मांडलें कीं, लोकांनीं गाण्यांच्या व चित्रपटांच्या तबकड्या जवळ बाळगण्याची संवय जशी सोडली, तशीच खेळांबाबतही त्यांना मालकीवांचून राहण्याची संवय व्हावयास हवी. बोलणें कडू असलें तरी त्यांत लपवाछपवी नव्हती.

लपवाछपवी आहे ती दुसरीकडे. नाटकाच्या तिकिटावर तारीख छापलेली असते. 'द क्रू' घेणाऱ्यास मात्र पूर्ण किंमत देतांना खेळाचा शेवटचा दिवस कोणीं सांगितला नव्हता. भाड्याच्या अटी आणि विक्रीची किंमत हीं दोन्ही एकाच व्यवहारांत साधून घेण्याचा हा प्रकार आहे. गूगलनें 'स्टेडिया' ही आपली सेवा जानेवारी २०२३ मध्यें गुंडाळली तेव्हां खेळांचे पैसे परत केले. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजीं निघून पंधरवड्यांत बंद पडला, तेव्हांही पैसे परत मिळाले. कॅलिफोर्निया संस्थानानें तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अंमलांत आणिला आहे कीं, आपण केवळ परवाना देत आहों हें स्पष्ट सांगितल्यावांचून विक्रेत्यानें अशा मालाच्या बाबतींत 'खरेदी' हा शब्द वापरूं नये. कायद्यानें शब्दाची अब्रू राखली. ग्राहकाच्या हातीं मात्र त्यानें कांहीं अधिक पडलें नाहीं.

हा झगडा नवा नाहीं. अमेरिकेंतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेनें 'द कास्टअवे' या कादंबरीच्या प्रतींत सूचना छापली होती कीं, एक डॉलरहून कमी किंमतीस ती विकणें हा ग्रंथस्वामित्वाचा भंग समजला जाईल. मेसी या दुकानानें ती ८९ सेंटांस विकली. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, एकदां प्रत विकल्यावर तिच्या पुढील विक्रीवर ग्रंथस्वामित्वाच्या जोरावर अंमल चालवितां येत नाहीं. जुन्या पुस्तकांचीं दुकानें याच तत्त्वावर उभीं आहेत. प्रतीला कागदाचें शरीर होतें म्हणून तें तत्त्व टिकलें. शरीर गेलें आणि ती जुनी सूचना मागच्या दारानें परत आली.

मला खरी चिंता वाटते ती पुढच्या गोष्टीची. कृति टिकतात त्या कर्त्याच्या किंवा प्रकाशकाच्या कृपेनें नव्हे, तर घरोघरीं विखुरलेल्या प्रतींमुळें. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचें शुद्धीकरण केलें, तें पोथ्या ठिकठिकाणीं लोकांच्या हातांत होत्या म्हणून. याच्या उलट १९३१ सालचा 'आलम आरा' हा आपल्या देशांतील पहिला बोलपट पहा. मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें त्यासाठीं झुंबड उडाली. प्रेक्षकांनीं तिकिटें काढलीं, पण प्रत कोणाच्याच घरीं गेली नव्हती. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं, आणि त्याच्याविषयीं आपण जें लिहितों तें जाहिराती, छायाचित्रें व ऐकीव आठवणी यांवरून. खेळांचीही वाट तीच दिसते. तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ मध्यें पाहणी केली, तेव्हां २०१० पूर्वी अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें. जी कृति पुन्हां उघडून पाहतां येत नाहीं तिच्यावर टीका कशी लिहावयाची? पूर्वींच्या टीकाकाराचें मत खोडावयास आधार कोठून आणावयाचा?

'द क्रू'च्या अंतानंतर रॉस स्कॉट यांनीं २०२४ च्या एप्रिलांत चळवळ सुरू केली, आणि युरोपीय संघाकडे धाडावयाच्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ अखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी माफक आहे: सर्व्हर अखंड चालवा असें नव्हे, बंद करतांना खेळ खेळतां येईल अशा स्थितींत सोडून जा. यानें खर्च वाढेल, असें कंपन्या म्हणतात. वाढेलही, पण त्याच युबिसॉफ्टनें 'द क्रू'चा दुसरा भाग सर्व्हरवांचून चालेल अशी सोय करण्याचें सप्टेंबर २०२४ मध्यें जाहीर केलें, यावरून तें अशक्य नव्हतें इतकें तर ठरतें. पहिल्या भागासाठीं मात्र कंपनीनें कांहीं केलें नाहीं. चाहत्यांच्या एका मंडळीनें खटाटोप करून स्वतःची सर्व्हर-योजना रचली आणि सप्टेंबर २०२५ मध्यें तो खेळ पुन्हां सुरू केला. संगणकावरील जुनी प्रत ज्यांनीं जपून ठेविली होती, त्यांना ती अमेरिका पुन्हां पाहतां आली. प्लेस्टेशनची तबकडी पूर्ण दाम देऊन घेणाऱ्यांस त्या वेळीं हा मार्ग खुला झाला नाहीं.