ज्वालामुखीच्या तोंडावरचे लेख

दिवाळी अंकात विषारी वायूचा विषय काढला की घरातली मंडळी नाक मुरडणार, हे मी जाणून आहे. तरी राजकुमार केसवानी यांच्या लेखांविषयी लिहितो. आपली टीका कथा-कादंबऱ्यांतच रमते. वर्तमानपत्रातला मजकूर दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला जातो.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. केसवानी त्याच्या मागे लागले आणि १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या ‘रपट’ या छोट्या हिंदी साप्ताहिकात त्यांनी लागोपाठ इशारे छापले. एका मथळ्यात शहर वाचवण्याची हुजुरांना विनवणी. दुसऱ्यात ज्वालामुखीच्या तोंडावर बसलेले भोपाळ.

मास्तरकीमुळे माझी लाल पेन्सिल आधी या मथळ्यांवरच जाते. किती हा आरडाओरडा! असा सूर ऐकला की सुशिक्षित वाचक मजकूर न वाचताच पान उलटतो. पण ‘हुजूर’ हा शब्द मात्र मला खोडवत नाही. कारखान्यासमोरच्या वस्तीतली माणसे तो हलवू शकत नव्हती. हलवणारे हुजूरच होते. त्याच वर्षी विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा कारखान्यात २५ कोटी गुंतले आहेत, तो काही उचलून दुसरीकडे ठेवायचा धोंडा नव्हे, अशा अर्थाचे उत्तर मंत्र्यांनी दिले. मी ते कादंबरीत घातले असते, तर बटबटीत म्हणून माझेच कान उपटले गेले असते.

असला मजकूर एकट्याच्या खांद्यावर पेलत नाही. रसायने समजावून सांगणारा जाणकार हवा, कागद तपासणारा वकील हवा, वेळेवर वर्गणी भरणारे वाचक हवेत. आणि मुख्य म्हणजे तीच बातमी उचलून रोज लावून धरणारे दुसरे पत्र हवे. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’ने केसवानींचा लेख छापला खरा. पण एक लेख म्हणजे पाठपुरावा नव्हे. २-३ डिसेंबरच्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे मेली.

१९८५ साली केसवानींना गोएंका पुरस्कार मिळाला. पुरस्कारांशी माझे वैर नाही. पण हा पाठिंबा हवा होता तो १९८२ साली, आणि तोही शाल-श्रीफळाचा नव्हे, छापखान्याच्या बिलाचा.

केसवानी २०२१ मध्ये वारले. ‘रपट’मधल्या त्या लेखांचे मराठी पुस्तक कोणी काढील तर पहिली प्रत मी घेईन आणि वर्गात मुलांना वाचायला देईन, मथळ्यांसकट.