जामीनदाराचा पत्ता

निकालपत्रे वाङ्मय म्हणून वाचण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही. मला ती सवय आहे. यंदा दोन निकालपत्रे शेजारी ठेवून वाचली.

पहिले 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य', १९७८, न्या. कृष्ण अय्यर यांचे. एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. अय्यरांची इंग्रजी नटवी, कधी कधी कंटाळा आणणारी. पण गवंडी नजरेआड होत नाही. परजिल्ह्यातला माणूस, परभाषेतला कागद नाकारण्यावरचा त्यांचा संताप सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. अखेर हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले.

दुसरे 'हुसैनारा खातून', १९७९, न्या. भगवती यांचे, बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी. भाषा साधी, बांधीव. त्यात एक यादी येते: आरोपी तिथे किती काळ राहतो, कामधंदा, नातीगोती, लौकिक, पूर्वीचे गुन्हे, हमी देणारी माणसे. मुळे घट्ट असतील तर पैशाच्या तारणाविना सोडावे. तिचे मूळ न्यूयॉर्कच्या १९६१ मधल्या मॅनहॅटन बेल प्रोजेक्टमध्ये. तिथे अशा उत्तरांना गुण देत. हेतू उदारच. पण मोतीरामनंतर ही यादी वाचली की पहिलाच प्रश्न बोचतो. बांधकामामागे गावोगाव फिरणाऱ्याने त्याचे उत्तर काय द्यावे?

न्यू जर्सीत २०१७ पासून न्यायाधीशापुढे नऊ बाबींचे कोष्टक येऊ लागले. घर, नोकरी, नाती त्यातून वगळली, हे मला बरे वाटते. उरले वय, आरोपाचे स्वरूप, प्रलंबित खटले, जुन्या शिक्षा आणि चुकलेल्या तारखा. हजर न राहण्याच्या धोक्याला १ ते ६ गुण. निर्णय न्यायाधीशाचाच, पण तारीख का चुकली, मजुरी बुडत होती की गाडी चुकली, हे कोष्टक विचारत नाही. अशा मापनाचा पुरस्कार करणाऱ्या प्रीट्रायल जस्टिस इन्स्टिट्यूटनेच २०२० मध्ये, वर्णभेदाचे कारण देऊन, पाठिंबा काढून घेतला.

आपल्याकडे अजून जामीनदाराचा पत्ताच आडवा येतो. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते, तेव्हा ती अट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सुचवावे लागले. मोतीरामच्या निकालाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती.