कारागिराचें आयुष्य आणि शिपायाची कीर्ति

युद्धावरून परत आलेल्या सामान्य मनुष्याचें चरित्र लिहिणें हें सेनापतीचें चरित्र लिहिण्याहून अवघड काम आहे. सेनापतीच्या आयुष्याला मोहिमांचा सांगाडा आयताच लाभतो. पण ज्याची शिपाईगिरी दोन-तीन वर्षांत आटोपली आणि बाकीचें सारें आयुष्य हातीं हत्यारें घेऊन पोटासाठीं खपण्यांत गेलें, त्याच्या चरित्रांत मुख्य कथा कोणती आणि उपकथा कोणती, हें ठरवावयाचें कोणीं? हॅरी पॅच ह्यांचें 'द लास्ट फायटिंग टॉमी' हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मवृत्त वाचतांना हा प्रश्न आमच्यापुढें वारंवार उभा राहिला.

पॅच ह्यांचा जन्म १७ जून १८९८ रोजीं इंग्लंडांत, बाथ शहराजवळील कूम डाउन ह्या खेड्यांत झाला. शाळा सुटल्यावर ते नळकामाच्या धंद्यांत उमेदवारीस लागले. १९१६ सालीं सक्तीच्या भरतीनें त्यांना पलटणींत ओढलें, व १९१७ च्या जून महिन्यांत ते फ्रान्सांत उतरले. त्याच वर्षीं २२ सप्टेंबर रोजीं, पॅशनडेलच्या रणधुमाळींत, डोक्यावर फुटलेल्या तोफगोळ्यानें त्यांचे तीन सोबती मारले गेले आणि ते स्वतः जखमी होऊन मायदेशीं परतले. म्हणजे आघाडीवरचें त्यांचें आयुष्य पुरतें चार महिन्यांचेंही नव्हे! पुढें लग्न, संसार आणि नळकाम. ब्रिस्टल येथील विल्स स्मारकाचा मनोरा उभा राहिला तेव्हां त्या कामावर ते होते. १९४२ च्या एप्रिलांत बाथवर बाँब पडले तेव्हां आग विझविणाऱ्यांतही ते होते. १९६३ सालीं त्यांनीं धंद्यांतून अंग काढून घेतलें, आणि २५ जुलै २००९ रोजीं, वयाचीं १११ वर्षें पुरीं करून, ते निवर्तले.

ऐंशीं वर्षें ह्या गृहस्थांनीं युद्धाविषयीं घरांतसुद्धां अवाक्षर काढलें नाहीं. शंभरी गांठल्यावर, १९९८ सालीं, ते प्रथम बोलूं लागले. आणि रिचर्ड व्हॅन एम्डन ह्या इतिहासकाराच्या साहाय्यानें तें बोलणें ग्रंथरूप झालें. येथें आमच्या वाचकांस गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' ह्या ग्रंथाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंही १८५७ चा प्रलय पाहिलेल्या एका साध्या माणसाला चिंतामणराव वैद्यांनीं बोलतें केलें; पण १९०७ सालीं ग्रंथ छापतांना त्यांत पुष्कळ फेरफारही केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत निघावयास १९६६ साल उजाडावें लागलें. लिहवून घेणाऱ्याचे उपकार मोठे खरे, परंतु त्याची लेखणी बोलणाऱ्याच्या जिभेवर कोठें कुरघोडी करते, हें पाहणें टीकाकाराचें कर्तव्य आहे.

पॅच ह्यांच्या ग्रंथांत अशी कुरघोडी फारशी जाणवत नाहीं, हा त्याचा पहिला गुण. त्यांतील भाषा कारागिराची आहे. पॅच हे पांच जणांच्या ल्यूइस मशीनगनच्या तुकडींत दुसऱ्या क्रमांकाचे गडी होते. ह्या तोफेच्या थाळींत ४७ काडतुसें मावत. तिचे सुटे भाग बाळगणें व ती चालती ठेवणें हें त्यांचें काम. ज्या हातांना नळाचे सांधे जोडावयाची संवय होती, त्याच हातांना सैन्यानें हें काम दिलें. आणि त्या तुकडीनें आपसांत ठराव असा केला होता कीं, होतां होईल तों कोणास ठार मारावयाचें नाहीं. नेम पायांवर धरावयाचा. संगीन रोखून धांवत आलेल्या जर्मन शिपायाला पॅच ह्यांनीं आधीं खांद्यांत आणि मग पायांत गोळी घातली, पण जीव घेतला नाहीं. हा प्रसंग ते किती मोजक्या शब्दांत सांगतात! गळका नळ कोठें चिरला आहे हें जाणत्या कारागिरानें दाखवावें, तसें हें सांगणें आहे. करुणेचें नांवही न घेतां येथें करुणा उभी राहते.

दोष आहे तो ग्रंथाच्या नांवांत. 'शेवटचा लढवय्या शिपाई' ह्या पदवींत पॅच ह्यांचें कर्तृत्व कोणतें? इतर सारे त्यांच्या आधीं वारले एवढेंच! ते नव्वदाव्या वर्षीं वारले असते तर त्यांचें आयुष्य अणुमात्र कमी मोलाचें ठरलें नसतें. मात्र राजकवि अँड्र्यू मोशन ह्यांनीं २००८ सालीं केली तशी त्यांच्यावर कविता झाली नसती. लोकांना प्रतीक हवें होतें, आणि त्या प्रतीकाखालीं अर्धशतकाचा नळकारागीर झांकला गेला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, युद्धानेंच त्यांच्या मनाचा कबजा घेतला होता, मग ग्रंथानें तेंच पुढें केलें तर बिघडलें काय? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु पॅच ह्यांचें स्मरण आणि समाजाचें स्मरण ह्यांत अंतर आहे. सरकारी स्मृतिदिनाचा समारंभ त्यांना केवळ देखावा वाटे. त्यांचा खरा स्मृतिदिन २२ सप्टेंबर, आणि तो तीन सोबत्यांसाठीं. २००४ सालीं, विरुद्ध बाजूनें लढलेल्या शार्ल कुएन्झ ह्या वृद्धाला ते भेटले, ते कोणाचें प्रतीक म्हणून नव्हे, माणूस म्हणून. त्यांच्या अंत्ययात्रेंत जर्मन सैनिकही होते, आणि शस्त्र कोणाजवळही नव्हतें. ग्रंथ हें सारें प्रामाणिकपणें सांगतो, म्हणूनच त्याचें नांव आम्हांस खटकतें.

हा प्रश्न केवळ इंग्लंडाचा नाहीं. त्याच महायुद्धांत मराठा पलटणींनीं कूट-अल-अमाऱ्याचा वेढा सोसला. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. आमच्या कित्येक खेड्यांत अद्यापि दगडी पाट्या दिसतात: ह्या गांवचे इतके लोक लढाईवर गेले, पैकीं इतके कामास आले. पाटीवर आंकडा आहे. बहुधा नांव नाहीं, धंदा तर नाहींच. त्या पिढीला आतां विचारतां येणार नाहीं. पण १९६५ आणि १९७१ च्या लढायांवरून परतलेले, आणि नंतर तालुक्याच्या गांवीं मोटारी किंवा पंप दुरुस्त करून संसार केलेले वृद्ध आपल्यांत अजून आहेत. त्यांजजवळ वही घेऊन बसणाऱ्यास आमची एवढीच सूचना आहे कीं, रणांगणाविषयीं विचारावें तितक्याच आस्थेनें कारखान्याविषयींही विचारावें. लढाईनें त्यांचीं थोडीं वर्षें घेतलीं. उरलेलीं आमच्या विसराळूपणानें घेऊं नयेत.