‘इंद्रजाल’मधील वेताळ : नामांतर, अरण्य आणि पुनर्वाचन

प्रस्तावना

बालपणी आवडीने वाचलेल्या चित्रकथांकडे प्रौढपणी परतताना वाचकासमोर सामान्यतः दोन मार्ग असतात. एक स्मरणरंजनाचा आणि दुसरा, वसाहतवादी म्हणून त्या चित्रकथा बाजूला सारण्याचा. दोन्ही मार्गांनी एक प्रश्न अनुत्तरित राहतो. गोऱ्या नायकाची ही कथा मराठी मुलांना परकी का वाटली नाही? प्रस्तुत लेखात ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी व अन्य भारतीय भाषांतून ती निघत असे. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदणाऱ्या भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात एकच नायक मुलांना निरनिराळ्या भाषांतून भेटू शकत होता. मात्र मराठी मुलांना भेटलेला नायक ‘फँटम’ नव्हता; तो ‘महाबली वेताळ’ होता.

नामांतराचे कार्य

ली फॉक यांनी फँटमची निर्मिती १९३६ मध्ये केली. अंगाबरोबर बसणारा पोशाख आणि मुखवटा धारण करणारा हा नायक सुपरमॅनच्या दोन वर्षे आधीचा आहे. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून बचावलेला एक युरोपीय तरुण किनाऱ्याला लागतो, अरण्यातील बांदार जमात त्याला वाचवते आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. पुढे पित्याचा मुखवटा पुत्र चढवीत जातो. कथेचा नायक हा या घराण्यातील एकविसावा असतो. लोक मात्र त्याला अमर समजतात.

मराठी परंपरेतील वेताळ हा भुतांचा अधिपती आहे, तसाच गावाच्या शिवेचा राखणदारही आहे. कोकणात व गोव्यात त्याची ठाणी आहेत. रात्री निघणाऱ्या त्याच्या पालखीच्या कथा घराघरांत सांगितल्या जात. त्यामुळे न मरणारा, रात्री संचार करणारा, सीमेचे रक्षण करणारा हा नायक मराठी मुलाला आधीच ओळखीचा होता. हे नामांतर वाङ्मयीन दृष्ट्या समर्पक होते यात शंका नाही. परंतु त्याच समर्पकतेमुळे नायकाचे परकेपण झाकले गेले. गोरा राखणदार आपल्याच ग्रामदैवताच्या नावाने घरात आला.

संपादकीय कात्री आणि तिच्या मर्यादा

भारतीय आवृत्तीत इतरही नावे बदलण्यात आली. मूळ कथेतील ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले, ‘बेंगाला’ हा प्रदेश ‘डेंकाली’ झाला आणि नायकाच्या पित्याचा मारेकरी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. आपल्या समाजात कोणाच्या भावना दुखावतील याची संपादकांना जाण होती, हे यावरून स्पष्ट होते. वेताळाशी एकनिष्ठ असलेल्या बुटक्या अरण्यवासींचे नाव मात्र कायम राहिले. ‘बांदार’ हा शब्द कानी पडताच हिंदी वा उर्दू जाणणाऱ्याला माकडाची आठवण होते. ज्यांच्या वतीने आक्षेप घेणारा वाचक गृहीत होता, त्यांची नावे बदलली. अरण्यवासींचा असा वाचक गृहीतच नव्हता.

दोन अरण्ये

हा मुद्दा केवळ नावापुरता नाही. वेताळाच्या अरण्यात शांतता नांदते ती मुखवट्याच्या धाकाने. चारशे वर्षे लोटली तरी तेथील लोकांना स्वतःचा न्याय स्वतः करता येत नाही. पुढे फॉक यांनी बेंगालाला कृष्णवर्णीय लोकनिर्वाचित अध्यक्ष दिला, हे नोंदवले पाहिजे; तथापि कवटीच्या गुहेतील सिंहासन रिकामे झाले नाही.

याच काळात मराठीत दुसरे एक अरण्य शब्दबद्ध झाले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये प्रकाशित झाले. भिवंडीपासून फार दूर नसलेल्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठ व लग्नगड्याच्या प्रथेविरुद्ध लढा उभारला. त्या लढ्याचे हे कथन आहे. येथेही बाहेरची व्यक्ती अरण्यात येते, म्हणून ही तुलना प्रस्तुत ठरते. फरक असा की वेताळ चेहरा झाकून स्वतःला अपरिहार्य करतो. परुळेकरांच्या कथनात कार्यकर्ता उघड्या चेहऱ्याने येतो आणि त्याचे यश त्याची गरज कमी होण्यात असते. पुस्तकाच्या शीर्षकातील कर्ता ‘माणूस’ आहे, त्याला जागे करणारा नव्हे.

खुद्द ‘इंद्रजाल’लाही ही उणीव जाणवली असावी. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेला ‘बहादुर’ मुखवटा घालत नाही. कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण दरोडेखोरांविरुद्ध नागरिकांचेच दल उभारतो. देशी नायकाची कल्पना करताच मुखवटा गळून पडावा, ही बाब अर्थपूर्ण आहे.

समारोप

पुनर्वाचनाने बालपणीचा आनंद खोटा ठरत नाही. मराठी मुलाने वेताळावर प्रेम केले ते राखणदार म्हणून, आणि राखणदाराची ओढ ही काही वसाहतवादाची देणगी नव्हे. परंतु त्या वाचनात तो मूल नेहमी घोड्यावर बसला, ढोल वाजवणाऱ्यांत कधीच उभा राहिला नाही, ही गोष्ट प्रौढ वाचकाने पाहिली पाहिजे. भिवंडी, वाडा, शहापूर येथील पाड्यांवरून येणारी, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलेही ज्या वर्गात बसावीत अशी आपली अपेक्षा आहे, त्या वर्गात लोकप्रिय साहित्य शिकवताना ‘नायक कोण?’ या प्रश्नाबरोबर ‘या चित्रात तू कोठे उभा आहेस?’ हाही प्रश्न विचारावा लागेल. संपादकांनी जो वाचक गृहीत धरला नव्हता, तो गृहीत धरणे हेच या पुनर्वाचनाचे प्रयोजन होय.