शेपटीतला टर्बो

वाया जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवायचा आणि त्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली पेटंट घेतलेली ही कल्पना आम्हां बँकवाल्यांना आवडणारच. बुडीत कर्जाची वसुलीच ती!

पण आमच्या कोपरखैरण्यातले काही हौशी तरुण साध्या गाडीला हा टर्बो मागे, सायलेन्सरच्या जागी बसवू म्हणतात. का, तर बॉनेटखाली जागा नाही. म्हणजे कचेरी फोर्टात आणि बिऱ्हाड अंबरनाथला! मागे पोचेपर्यंत धूर निवतो, दाबलेली हवा लांबलचक नळीतून पुढे येते. तोवर पुढचा सिग्नल लाल. टर्बोचं तेल इंजिनात परत आणायला बहुधा निराळा पंप. शिवाय हवा घेणारं तोंड जमिनीलगत असलं, तर जुलैत रस्ता तुंबल्यावर ते पाणी ओढणार. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, म्हणजे अपघात झाल्यास विमाकंपनीला हात वर करायला निमित्त.

थोडक्यात, नाटक उत्तम, नेपथ्य चुकलं. जोरच हवा असेल तर कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली जुनी गाडी पाहावी. मागच्या सीटवर आई बसते, बाबांनो!